‘लिंप’ म्हणजे लंगडणं की लुळं पडणं? भाषांतरात अडकलेय, मदत करा

कावेसरची_लेखणी

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी इंग्लिश रहस्यकथा मराठीत करतेय, काम बऱ्यापैकी होत आलंय पण एकाच शब्दाने डोकं उठवलंय, तो म्हणजे लिंप. लेखकाला हा शब्द इतका आवडतो की पानोपानी पेरलाय आणि दर वेळी अर्थ वेगळाच वाटतो. सुरुवातीला एक म्हातारा फलाटावरून ‘लिंप’ करत जातो, इथे लंगडत गेला, प्रश्नच नाही. पुढे नायिका बेशुद्ध सापडते (मेलीय की जिवंत ते लेखक मुद्दाम सांगत नाही) आणि तिचा हात इन्स्पेक्टरच्या हातात ‘लिंप’ पडलेला असतो. मग तो इन्स्पेक्टर कँटीनमध्ये सँडविच खातो त्यात ‘लिंप’ लेट्यूस. आणि शेवटी त्याची जुनी गाडी ‘लिंप’ करत गॅरेजपर्यंत पोचते.

डिक्शनरीत बघितलं तर लंगडणे, लुळा, ढिला, शिथिल, नरम असं सगळं एकाच ओळीत कोंबलंय, कुठला कुठे वापरायचा ते काही कळत नाही. गंमत म्हणून मोबाईलवरच्या भाषांतराच्या ॲपला विचारलं तर ‘तिचा लंगडा हात त्याच्या हातात होता’ असं आलं, मी अर्धा तास हसतेय. पण हसून झाल्यावर प्रश्न तसाच आहे ना. हे दोन वेगळे शब्द आहेत का जे दिसायला सारखे आहेत, की एकाच शब्दाचे दोन अर्थ? आणि लेम, स्लॅक यांच्याशी याचं काय नातं? संपादकांना सोमवारी द्यायचंय, तेव्हा जाणकारांनी जरा पटापट लिहा.

---

नौपाड्याचे_मास्तर

ताई, ३० च्या वर वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेली त्यामुळे असा धागा दिसला की हात शिवशिवतात, जरा लांबेल.

आधी अर्थ बाजूला ठेवा आणि व्याकरण बघा, निम्मा गुंता तिथेच सुटतो. लिंप हे क्रियापद असेल किंवा नाम असेल (ही वॉक्स विथ अ लिंप) तर तिथे चाल आहे, लंगडणं आहे. विशेषण असेल तर लंगडण्याशी काडीचा संबंध नाही, तिथे ताठपणा गेलेला आहे. म्हणजे ‘अ लिंप लेग’ हा लंगडा पाय नव्हे, लुळा पाय. आणि एखाद्या माणसाला ‘लिंप मॅन’ म्हटलं तर तो लंगडा असं कुणीही इंग्रज समजणार नाही, तो गळपटलेला, अंगात जोर नसलेला असं समजेल. पोरं हमखास इथे चुकायची. क्रियाविशेषणात तर अजून फसगत आहे, ‘ही शुक हँड्स लिंपली’ यातलं लिंपली विशेषणापासून आलंय, म्हणजे त्याने जीव नसल्यासारखा हात मिळवला. त्याचं ‘लंगडत हात मिळवला’ करणारे विद्यार्थी मी याचि देही पाहिलेत.

आता एक शब्द की दोन, याचं उत्तर जरा तिरकं आहे. क्रियापद जुनं, १६व्या शतकाच्या उत्तरार्धात लेखी सापडतं. त्याच्याही मागे जुन्या इंग्रजीत ‘लेम्पहेल्ट’ असा जोडशब्द होता, अर्थ लंगडणारा, त्याच्याशी नातं असावं असं कोशकार मानतात. विशेषण मात्र बरंच उशिरा, १८व्या शतकाच्या सुरुवातीला दिसायला लागतं, आणि त्याचं मूळ पक्कं सांगता येत नाही, ढिलं लोंबकळणं अशा अर्थाच्या कुठल्यातरी जुन्या धातूकडे बोट दाखवतात. म्हणजे कोशात शेजारी शेजारी बसलेले हे भाऊ आहेत की नुसते भाडेकरू हे नक्की नाही, पण वापरताना भाडेकरूच समजा, स्वयंपाकघर वेगळं.

त्या लेम्पहेल्टमधला दुसरा तुकडा म्हणजे हॉल्ट. हॉल्टचा जुना अर्थ लंगडा, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये गरीब, आंधळे यांच्याबरोबर ‘द हॉल्ट’ येतात ते थांबलेले लोक नव्हेत, लंगडे लोक. आपल्या रेल्वेचा हॉल्ट वेगळा, तो जर्मनकडून लष्करी भाषेतून आलेला थांबा. जुनं इंग्रजी साहित्य भाषांतरित करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आणि लिंपिड म्हणजे नितळ, लिंपेट म्हणजे खडकाला चिकटून बसणारा शिंपला, या दोघांचा लिंपशी काही संबंध नाही, उगाच जोडायला जाऊ नका. आपल्या लिंपण्याशी तर नाहीच नाही.

---

पाचकळपंडित

मास्तर मी तर इतकी वर्षं समजत होतो की इंग्रज लोक शेणाने भिंत लिंपताना लंगडतात

---

जांभळीनाका

वरच्याला कुणीतरी आवरा.

लेखणीताई, मी काही भाषेची जाणकार नाही पण ते लेट्यूस माझ्या हद्दीत येतं म्हणून लिहिते. मला वाटतं मराठीत याला एकच शब्द शोधायला जाल तर सापडायचाच नाही, कारण आपल्याकडे कुठली वस्तू नरम पडली त्याप्रमाणे शब्द बदलतो. मेथीची जुडी जांभळी नाक्यावरून सकाळी आणली आणि दुपारपर्यंत तशीच ओट्यावर राहिली की ती मलूल होते किंवा सुकते. पापड, कुरमुरे, चिवडा, शेव हे कधी मलूल होत नाहीत, ते सादळतात. पावसाळ्यात ठाण्यात डबा पाच मिनिटं उघडा राहिला की सादळलंच. पोळी वातड होते, ती तर उलट. भजी गार झाली की मऊ पडतात, लिबलिबीत होतात. कॉटनच्या साडीची खळ गेली की ती अंगाला चिकटते, लोळागोळा होते. केस तेलकट होऊन चपट बसतात, त्याला शांपूच्या जाहिरातीत लिंप हेअर म्हणतात ना, आपल्याकडे त्याला निर्जीव केस म्हणायची फॅशन आहे. इंग्लिशवाले या सगळ्याला एकच लिंप लावून मोकळे, गरीब बिचारे.

तर लेट्यूसला मलूल पानं किंवा सुकलेली पानं, दोन्ही चालतील. पण एक शंका, ते सँडविचमध्ये आधीपासून भरून ठेवलेलं असणार, म्हणजे ते वाळून सुकलेलं नाही तर आतल्या टोमॅटोच्या पाण्याने आणि सॉसने ओलं होऊन गळालेलं आहे. मग सुकलेलं म्हटलं तर चूक होईल. मी असते तर ‘लिबलिबीत झालेलं लेट्यूस’ लिहिलं असतं, वाचणाऱ्याला ईऽऽ वाटलं पाहिजे, लेखकाला तेच हवंय ना.

---

कावेसरची_लेखणी

मास्तर, दंडवत! विशेषण म्हणजे चाल नाही, हे मी मॉनिटरला चिकटवलं. आणि जांभळीनाका ताई, लिबलिबीत उचलला बरं का, आताच फाईलमध्ये टाकते. पण हाताचं काय करू? लुळा हात म्हटलं की मला पॅरालिसिस वाटतो.

---

फिजिओ_नेरूळ

बरोबर वाटतंय तुम्हाला. आमच्या धंद्यात हा शब्द दोन्ही अर्थांनी रोज येतो म्हणून लिहिते.

आधी चालीचं. लिंप म्हणजे नुसतं ‘लंगडणं’ म्हणून आम्हाला भागत नाही, का लंगडतोय ते चालीवरूनच कळतं. दुखणाऱ्या पायावर माणूस कमीत कमी वेळ उभा राहतो, पटकन चांगला पाय पुढे टाकतो, ती एक चाल. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर असेल तर त्या पायावर भार आला की कंबर दुसऱ्या बाजूला खाली कलते, मग माणूस झोके खात चालतो, याला ट्रेंडेलेनबर्ग चाल म्हणतात, ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जननी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. आणि घोट्यापासून पाऊल खाली लोंबत असेल, म्हणजे फूट ड्रॉप, तर पाऊल जमिनीला घासू नये म्हणून माणूस गुडघा उंच उचलून चालतो. आता बघा, या तिसऱ्यात पाऊल विशेषणवालं लिंप आहे, आणि त्यामुळे माणूस क्रियापदवालं लिंप करतोय. दोन्ही एकाच माणसात!

तुमच्या फलाटावरच्या म्हाताऱ्याला काठी असेल तर एक गोष्ट तपासा, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असली पाहिजे. सिनेमात, सिरियलमध्ये सर्रास उलटी धरतात आणि आमचे पेशंटही तेच बघून उलटी धरतात, सांगून सांगून थकले मी. रहस्यकथा आहे म्हणता, म्हातारा नाटक करत असेल तर काठी चुकीच्या हातात हा क्लू पण असू शकतो :)

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, परत चाललं की परत दुखतं, असा एक प्रकार असतो, त्याला क्लॉडिकेशन म्हणतात. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, सिगारेट ओढणारे आणि शुगरवाले यांच्यात जास्त. शब्द लॅटिनमधून आलाय, लंगडणे याच अर्थाचा. रोमचा सम्राट क्लॉडियस, त्याचं घराण्याचं नाव याच शब्दाशी जोडतात आणि योगायोगाने तो स्वतःही लंगडायचा. इथे सगळे वाचताहेत म्हणून सांगते, असं दुखत असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, दाखवा. आणि लहान मूल लंगडायला लागलं, त्यात ताप आहे आणि पाय टेकवतच नाही, तर तेल लावून बघू वगैरे न करता त्याच दिवशी हॉस्पिटल.

आता लुळेपणा. डॉक्टर लोक रिपोर्टमध्ये लिंप लिहीत नाहीत, ते फ्लॅसिड लिहितात. स्नायूला हात लावला की प्रतिकारच नाही, उचललं आणि सोडलं की धप्पकन पडतं, ते फ्लॅसिड. पोलिओवर नजर ठेवायला आपल्याकडे १५ वर्षांखालच्या मुलांमध्ये अचानक आलेला लुळेपणा आढळला की प्रत्येक केस कळवावी लागते, मग शौचाचे नमुने तपासायला जातात. भारतातली पोलिओच्या नैसर्गिक विषाणूची शेवटची केस जानेवारी २०११ मधली, पश्चिम बंगालची, आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त जाहीर झालो, तरी हे काम चालूच आहे. म्हणून मराठी वाचकाच्या डोक्यात लुळा म्हटलं की पोलिओ किंवा लकवा येणारच. एकदम हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हे स्ट्रोकचं लक्षण, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे हा शब्द आमच्यासाठी फार जड आहे हो.

तुमची नायिका बेशुद्ध आहे, तिला लकवा नाही. तेव्हा लुळा नको.

---

तुर्भे_एमआयडीसी

गाडीचं मी सांगतो. आमच्याकडे हा शब्द एकदम टेक्निकल आहे, लिंप मोड. पोरांना इंग्लिश येवो न येवो, लिंप मोड सगळ्यांना कळतं. ‘शेठ गाडी लिंपला गेलीय’ असंच बोलतात.

होतं काय की गाडीच्या कंप्युटरला म्हणजे ईसीयूला एखाद्या सेन्सरकडून भलतंच रीडिंग आलं, टर्बोचं प्रेशर जुळेना, गिअरबॉक्सचं तेल तापलं, असलं काही गंभीर वाटलं की तो गाडी बंद नाही पाडत, तो ताकद कापतो. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, साधारण अडीच तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही, ऑटोमॅटिक असेल तर बऱ्याच गाड्यांत एकाच गिअरला अडकून बसते, चेक इंजिनचा लाईट लागतो. उद्देश असा की इंजिन वाचलं पाहिजे पण तुम्ही पण रस्त्यात अडकू नये, हळूहळू घरी नाहीतर गॅरेजला पोचा. म्हणून पूर्ण नाव लिंप होम मोड.

आमच्याकडे घोडबंदरच्या बाजूने अशा गाड्या भरपूर येतात आणि त्याला कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लायनीत एक फिल्टर असतो, डीपीएफ. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला आत ५५० ते ६०० डिग्री टेंपरेचर लागतं. ते कधी मिळतं, गाडी सलग एका स्पीडने पळाली तर. आता कापूरबावडी ते गायमुख तुम्ही पहिल्या दुसऱ्या गिअरला सरपटत जाणार, रोज तेच, तर ती काजळी जळणार कधी? फिल्टर चोंदतो, आधी लाईट लागतो, लोक दुर्लक्ष करतात, मग गाडी लिंपला जाते. डीपीएफचा लाईट नुसता लागलेला असताना कळंबोलीवरून एक्सप्रेसवेला काढून वीस पंचवीस मिनिटं एकसारखी चालवली तर बऱ्याच वेळा साफ होतं, खर्च शून्य. पण एकदा लिंपला गेल्यावर हायवेला पळवायला जाऊ नका, सरळ स्कॅनर लावून कोड बघायचा. आणि कोड नुसता क्लिअर करून पैसे घेणारे पण आहेत, दोन दिवसात गाडी परत तिथेच. कोड कुठला होता ते विचारा, फोटो काढून ठेवा.

बाकी तुमची गोष्टीतली गाडी जुनी आहे म्हणता, म्हणजे लिंप मोडवाली नसणार. मराठीत आपण गाडी लंगडली असं पण म्हणतो की, एका सिलिंडरला मिसिंग असेल तर पोरं म्हणतात ‘लंगडी चाललीय’. त्यात झटके असतात. नुसती ताकद नसेल तर लंगडी नाही म्हणत, ‘पिकअप नाही’, ‘ओढत नाही’ म्हणतात.

---

नौपाड्याचे_मास्तर

तुर्भेकर, वा! झटके असले तरच लंगडी, हे मला नवीन आहे, आणि अगदी नेमकं आहे, कारण लंगडण्यात लय मोडणं येतंच.

गाडी, बोट, विमान यांच्यासाठी हे क्रियापद इंग्रजीत फार वापरतात. तुफानात सापडलेलं जहाज बंदरात लिंप करत आलं म्हणतात. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ च्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला आणि चंद्रावर न उतरता तिघे अंतराळवीर चौथ्या दिवशी कसेबसे पृथ्वीवर परतले, त्याच्याबद्दल लिहिताना हमखास ‘लिंप्ड होम’ येतं. अशा ठिकाणी लंगडत नको. मराठीत रडतखडत, रखडत, कसंबसं, खुरडत यातलं बघून घ्यावं. खुरडत मात्र माणसाला किंवा जनावराला बरं, जहाज खुरडत नाही.

लेम आणि स्लॅकचं राहिलं. लेम हे सरळ विशेषण, लंगडा, पांगळा. आता इंग्रजीत माणसासाठी ते टाळतात, अपमानकारक मानतात, घोड्यासाठी मात्र अजून चालतं. लेम डक ही गंमत लंडनच्या शेअर बाजारातून आली, देणं बुडवणारा दलाल तो लेम डक, १७६१ मधल्या होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाच्या एका पत्रात बुल, बेअर आणि लेम डक तिघेही एकत्र भेटतात. नंतर अमेरिकेत राजकारणात शिरला, पद जाणार हे ठरलंय पण अजून खुर्चीत आहे असा नेता. हा काळ फार लांबायचा म्हणून १९३३ मध्ये घटनादुरुस्ती करून नव्या अध्यक्षाचा शपथविधी ४ मार्चवरून २० जानेवारीवर आणला.

स्लॅक म्हणजे सैल, ढिला. दोरी स्लॅक असते तेव्हा दोरीत काही बिघाड नाही, ती ताणलेली नाही इतकंच, ओढली की झाली घट्ट. लिंप वस्तू ओढून घट्ट होत नाही, तिच्यातलाच कणा गेलेला असतो. म्हणून बेजबाबदार कारकून स्लॅक, आणि दिवसभर उन्हात उभा राहून घरी येऊन सोफ्यावर पडलेला तोच कारकून लिंप.

---

पाचकळपंडित

आणि लेम जोक?

---

जांभळीनाका

पांचट. तुझ्या नावातच आहे की.

---

ऐरोली_खाडीपलीकडे

उशिरा आलो. लेमबद्दल मास्तर बोलले ते पटलं पण मग आपल्या मराठीचं काय? ‘लंगडी सबब’, ‘लंगडं समर्थन’, ‘पांगळं सरकार’ हे आपण पेपरात रोज वाचतो. माझा धाकटा भाऊ पायाला कॅलिपर (आधाराचा सांगाडा) लावून चालतो, त्याला हे शब्द खटकतात, मला पण आता खटकायला लागलेत. २०१६ च्या कायद्यानंतर सरकारी कागदात दिव्यांग वगैरे आलं पण मथळ्यात सबब अजून लंगडीच आहे. तकलादू सबब, पोकळ सबब, असे शब्द आहेत ना आपल्याकडे. लेखणीताई तुमच्या कथेत असं काही असेल तर बघा.

आणि एक, ‘लिंप रिस्टेड’ असं कुठे आलं तर जपून. शब्दशः मनगट ढिलं, पण इंग्लिशमध्ये ती बायकी वाटणाऱ्या किंवा गे पुरुषांना दिलेली शिवी आहे. जुन्या रहस्यकथांमध्ये बरीच सापडते. शब्दशः केलं तर वाचकाला काही कळणार नाही आणि शिवी म्हणून आणलं तर पात्र कोण बोलतंय ते बघून आणा.

अवांतर: लंगडी हा आपला खेळ, त्याला मुलांच्या इंग्लिश पुस्तकात एकाने लिंपिंग गेम लिहिलेलं बघितलं. एका पायावर उड्या मारणं ते हॉपिंग, लिंपिंगमध्ये दोन्ही पाय टेकतात.

---

वाशी_मार्केट_यार्ड

अवांतरात अवांतर, लंगडा आंबा राहिला की. हापूस संपत आला की एपीएमसीत यूपीचा माल सुरू होतो त्यात लंगडा. बनारसच्या एका लंगड्या माणसाच्या झाडावरून नाव पडलं अशी गोष्ट सांगतात. २०२३ मध्ये बनारसी लंगड्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. पिकला तरी साल हिरवीच राहते म्हणून इथलं गिऱ्हाईक कच्चा समजून सोडून जातं, नुकसान त्यांचंच. आणि तैमूरलंग मधला लंग पण तोच, फारसीत लंगडा. १९४१ ला रशियन लोकांनी समरकंदला त्याची कबर उघडली तेव्हा उजव्या पायाला खरंच जुनी इजा निघाली.

---

कावेसरची_लेखणी

तुम्ही लोक भारी आहात, मी एक शब्द विचारला आणि तुम्ही समरकंदपर्यंत नेलं. ऐरोलीकर, लंगडी सबब खरंच होती हो एका ठिकाणी, ‘लेम एक्स्क्यूज’चं मी तेच केलं होतं, आता तकलादू करते. तुमच्या भावाला नमस्कार सांगा.

काठीचं तपासलं. लेखकाने कुठल्या हातात ते लिहिलंच नाहीये, म्हणजे क्लू वगैरे काही नाही, फिजिओताई सॉरी :)

गाडी ‘धापा टाकत गॅरेजला पोचली’ असं करू का? लंगडत नको हे कळलं.

हात अजून बाकी आहे. आत्तापर्यंत लिहून बघितलेले: ‘तिचा हात त्याच्या हातात निर्जीव पडला होता’, ‘निपचित पडला होता’, ‘गळून पडला होता’, ‘सैल पडला होता’.

---

तुर्भे_एमआयडीसी

धापा टाकत चालेल. आचके देत पण बघा, जुन्या गाडीला शोभतं.

---

नौपाड्याचे_मास्तर

निर्जीव अजिबात नको. ती मेलीय की नाही हे लेखकाने लपवलंय आणि तुम्ही चौथ्या पानावर निर्जीव लिहून मोकळ्या. वाचक पुढचं वाचेल कशाला? उलट सैल म्हटलं तर ती आरामात झोपलीय असं वाटतं, शवासनात सांगतात ना अंग सैल सोडा, ते तर स्वतः सोडणं झालं. इंग्रजीत ‘गो लिंप’चा एक अर्थ तोही आहे, अमेरिकेत वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनांत पोलीस उचलायला आले की लोक मुद्दाम अंग सोडून द्यायचे, म्हणजे एकेकाला उचलायला तीन चार पोलीस लागायचे. तिथे सैल बरोबर. इथे ती शुद्धीत नाही.

माझं मत निपचित. निपचित पडलेला माणूस बेशुद्ध असू शकतो, तापाने ग्लानीत असू शकतो, मेलेलाही असू शकतो, मराठी वाचक पान उलटतो.

---

फिजिओ_नेरूळ

मास्तर, मान्य, पण निपचित अख्खा माणूस पडतो हो, एकटा हात निपचित कसा पडेल? माझ्या कानाला ते बरोबर लागत नाही. आणि इन्स्पेक्टरने हात हातात घेतलाय म्हणजे त्याला वजन जाणवलं असणार. बेशुद्ध माणसाचा हात उचलला की आधी ते वजनच जाणवतं, समोरचा स्वतःचा हात जराही सावरत नाही ना.

---

जांभळीनाका

‘ती निपचित पडली होती. त्याने तिचा हात उचलला, सोडला, तो तसाच खाली पडला.’ दोन वाक्यं करा की, अंकवाले काय शब्द मोजून पैसे देतात का

---

कावेसरची_लेखणी

शब्द मोजूनच देतात ताई :) पण हे घेतेय. फक्त मूळ कथेत तो हात सोडत नाही, पुढची पूर्ण दोन पानं तिचा हात धरून बसतो, त्यामुळे ‘सोडला’ काढावं लागेल. ‘ती निपचित पडली होती. त्याने तिचा हात हातात घेतला, हाताचं सगळं वजन त्याच्या तळव्यावर आलं.’ असं पाठवतेय संपादकांना, बघू काय म्हणतात.